फेरफाराचा माग काढत मूळ पुरुषापर्यंत: गावदप्तरातून वंशावळ शोधण्याची पद्धत

वंशावळ शोधायला निघालेले बरेचजण चुकीच्या टोकाला हात घालतात. आपले आडनाव शोधतात, त्या आडनावाचा एखादा सरदार इतिहासात सापडतो आणि मग तिथून खाली आपल्या आजोबांपर्यंत दोरी जुळवायचा प्रयत्न सुरू होतो. ही दोरी कधी जुळत नाही. कागद मागे मागे चालतो. आज हयात असलेल्या माणसापासून त्याचा बाप, मग त्या बापाचा बाप, आणि प्रत्येक पायरीला गाव, नोंद क्रमांक व तारीख असलेला एक तरी कागद. असे चालले तर शेतजमीन असलेल्या घराला तालुक्याच्या अभिलेख कक्षातूनच चार-पाच पिढ्या सहसा मिळतात. जमीन नसलेल्या घराला वाट थोडी वाकडी पडते, पण वाट आहे.

कचेरीत जाण्याआधी घर

आधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा, आणि शक्यतो बाईजवळ. पुरुषांना जमिनीचे तुकडे आठवतात. आजीला कोण कुणाची, कोणत्या गावाहून आली, कुणाचे मूल गेले, कोण दत्तक गेला हे आठवते. फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा. "तुमच्या सासऱ्यांचे वडील कोण?" असे सरळ विचारले तर उत्तर अडते. "तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा घरात कोण कोण होतं? चूल एक होती की वेगळी?" असे विचारले की माणसे आपोआप मोजली जातात.

श्राद्ध-पक्ष पाळणाऱ्या घरांत तीन पिढ्या आयत्या मिळतात. पिंडदानात बाप, आजा, पणजा यांची नावे गोत्रासह उच्चारली जातात, आईकडची नावेही येतात. घरच्या भटजींच्या वहीत ही नावे आणि मृत्यूची तिथी टिपलेली असते. वर्ष नसले तरी तिथी उपयोगी पडते. पुढे मृत्यूच्या नोंदीत इंग्रजी तारीख सापडली की पंचांगावरून ताडून बघता येते.

मग माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी उतरवा. जुन्या भांड्यांवर नाव घातलेले असते, लग्नातल्या आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि कधी तारीखही. पणजीचे माहेर शोधताना असा एखादा हंडा सगळ्या दप्तराला भारी ठरतो. चिंचेने घासण्याआधी तिरका उजेड पाडून फोटो काढा. पत्रिका, लग्नपत्रिका, पोथीचे शेवटचे कोरे पान, जुनी रेशनकार्डे, शेतसाऱ्याच्या पावत्या हेही सारे याच टप्प्यात जमवा.

गाव पक्के करा

"आम्ही मूळचे वडगावचे" एवढ्यावर काम सुरू होत नाही. वडगाव, पिंपळगाव, निमगाव ही नावे महाराष्ट्रभर पसरलेली आहेत. गावाच्या नावापुढचे बुद्रुक किंवा खुर्द, तालुका, आणि वाडी असेल तर ती कोणत्या महसुली गावात मोडते हे आधी ठरवा. वाडीचे दप्तर बहुतेकदा मूळ गावाच्या नावाने असते. नंतर गाव वेगळे झाले असेल तर फुटण्याआधीचे कागद जुन्या गावाच्या गठ्ठ्यात शोधावे लागतात.

जिल्हेही बदललेले आहेत. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ मध्ये झाले, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, वाशिम आणि नंदुरबार १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, पालघर २०१४ मध्ये. त्याआधीचा कागद जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहिलेला असू शकतो. गाव भोर, औंध, फलटण, सांगली, मिरज, जत, अक्कलकोट, सावंतवाडी किंवा कोल्हापूर अशा संस्थानात होते का, हेही बघा. संस्थानांचे विलीनीकरण १९४८-४९ मध्ये झाले आणि त्याआधीचे महसुली कागद ब्रिटिश मुलखापेक्षा वेगळ्या धाटणीचे आहेत. कोयना किंवा उजनी धरणात बुडालेल्या गावांसाठी भूसंपादनाचा निवाडा मागवा. त्यात खातेदारांची आणि हिस्सेदारांची नावे एका जागी मिळतात.

सातबारा हे दार, फेरफार हा जिना

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. वंशावळीसाठी त्यातला वरचा भाग, म्हणजे नमुना सात, कामाचा. आजचा सातबारा महाभूलेखवर बघता येतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. गट नंबर ठाऊक नसेल तर गाव निवडून नावावरून शोधा, किंवा खाते क्रमांक मिळवून आठ-अ, म्हणजे एका खात्यातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, काढा.

उताऱ्यावर भोगवटादारांची, म्हणजे जमीनधारकांची, नावे दिसतात. काही नावांना कंस असतो. नवखा माणूस कंसातली नावे सोडून देतो, आणि आपल्याला हवी असतात नेमकी तीच. कंस म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला. तो वारला, त्याने विकले, किंवा वाटणी होऊन तो बाजूला झाला. नावाशेजारी लिहिलेला आकडा म्हणजे ज्या फेरफाराने हा बदल झाला त्याचा क्रमांक. हस्तलिखित सातबाऱ्यावर त्याला वर्तुळ केलेले असते. उताऱ्यावर जुन्या फेरफारांची यादीही असते. हे सगळे आकडे एका कागदावर उतरवून घ्या.

फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, गाव नमुना सहा. प्रत्येक गावाच्या फेरफारांना सलग क्रमांक असतात, म्हणून आकडा जितका लहान तितकी नोंद जुनी. नोंदवहीत चार रकाने: नोंदीचा क्रमांक, मिळालेल्या हक्काचे स्वरूप, कोणत्या सर्व्हे किंवा गट नंबरवर परिणाम झाला ते, आणि तपासणी अधिकाऱ्याचा शेरा. दुसऱ्या रकान्यात तुमचे घर असते. नमुन्यादाखल एक नोंद घेऊ:

"खातेदार गणू बिन रामजी हे ता. १२-३-१९३४ रोजी मयत. त्यांस वारस १) विठू गणू २) कोंडिबा गणू अ.पा.क. आई सखूबाई कोम गणू. वर्दी विठू गणू यांनी दिली."

एवढ्या तीन ओळींतून किती निघते बघा. "बिन" म्हणजे मुलगा, तेव्हा गणूचा बाप रामजी. गणूच्या मृत्यूची तारीख मिळाली. विठू सज्ञान होता, कारण वर्दी, म्हणजे कचेरीला खबर, त्याने दिली आणि त्याच्यापुढे पालनकर्ता नाही. कोंडिबापुढे "अ.पा.क.", म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तो अठराच्या आत होता, सबब जन्म मार्च १९१६ नंतरचा. "कोम" म्हणजे बायको; सखूबाई गणूच्या मागे हयात होती. मुली दिसत नाहीत म्हणून त्या नव्हत्या असे मुळीच समजू नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलांच्या बरोबरीने मुलींची नावे वारस म्हणून लागत नसत.

आता पुढची पायरी ठरली: रामजी मयत झाल्याचा फेरफार. ज्या फेरफाराने गणूचे नाव लागले तो क्रमांक गणूच्या नावाशेजारी असतो. तो काढला की रामजीचा बाप आणि रामजीची इतर मुले, म्हणजे तुमची चुलत घराणी, हाती येतात. एकेक फेरफार उलगडत खाली उतरत जा. घाईने पंधरा-वीस फेरफार एकदम मागवले तर भावकीतल्या भलत्याच शाखेचे कागद गळ्यात पडतात.

मागणी कशी करायची

जुने फेरफार आणि हस्तलिखित सातबारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अलीकडची दप्तरे तलाठ्याकडे, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. मोजणीचे, आकारबंदाचे (क्षेत्र आणि साऱ्याच्या तक्त्याचे) आणि एकत्रीकरणाचे कागद उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे. बऱ्याच तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर आलेले आहेत. आधी तिथे बघा, मगच फेरी मारा. तिथे जिल्हा, तालुका, गाव, दस्ताचा प्रकार अशी निवड करावी लागते. स्कॅन करताना सूची लिहिणाऱ्याने एक आकडा चुकवला असेल तर कागद असूनही दिसत नाही. म्हणून मागचे-पुढचे क्रमांकही उघडून बघा.

अर्ज साधा असतो. कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, गाव-तालुका, नमुना, क्रमांक आणि साल लिहायचे. अर्ज परत येतात ते मोघम लिहिल्यामुळे. "आमच्या पूर्वजांचे सर्व कागद द्यावेत" यावर कुणीही काही देऊ शकत नाही. "मौजे अमुक, सर्व्हे नंबर ४७, हस्तलिखित सातबारा १९५० ते १९६५ आणि फेरफार ४१२ ची नक्कल" असे लिहिले तर कारकुनाला गठ्ठा काढता येतो. क्रमांक माहीत नसेल तर माहिती अधिकारात अभिलेखाची पाहणी मागा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. पाहणीला जाताना वही, पेन्सिल आणि भिंग न्या. जुना कागद कडेला तुटतो, तेव्हा पान वरच्या कोपऱ्यातून उचला. थुंकी लावून उलटू नका.

एक अडचण जवळजवळ प्रत्येक गावात येते. फेरफारांची साखळी एका ठिकाणी अचानक तुटते, मागच्या कागदांत तुमचा गट नंबरच नसतो. कारण एकत्रीकरण योजना. तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. योजना गावात लागू झाली तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३) व ९(४) चा उतारा काढला की जुना नंबर आणि नवा गट यांची जोड मिळते. तिथून पुढे मागचा सगळा शोध सर्व्हे नंबरवर.

कागद वाचताना फसगत कुठे होते

"ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.क." दिसले तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. म्हणजे नाव एकाचे, जमीन सगळ्या भावांची. अशा घरात धाकट्या भावांची नावे तीस-चाळीस वर्षे कुठेच येत नाहीत आणि वाटणीच्या फेरफारात एकदम उगवतात. "अ.पा.क." हा शेरा काढून टाकायला वेगळा फेरफार लागतो, तो कुणी करत नाही. त्यामुळे १९७० च्या सातबाऱ्यावर अज्ञान दिसणारा माणूस प्रत्यक्षात पन्नाशीचा असू शकतो. वय काढायचे ते मूळ फेरफाराच्या तारखेवरून.

नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारस लावायला दहा-वीस वर्षे उशीर होणे नेहमीचे आहे, आणि मधल्या काळात एखादा मुलगाही वारलेला असतो. मग आजोबाच्या जागी थेट नातवांची नावे लागतात आणि वाचणारा त्यांना मुले समजतो.

सगळ्यांत मोठा घोटाळा नावांच्या पुनरावृत्तीचा. आज्याचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत, म्हणून रामजी बिन विठोबा, विठोबा बिन रामजी, पुन्हा रामजी बिन विठोबा अशी माळ तयार होते. दोन रामजी एक समजले की दोन पिढ्या गायब होतात. यावर उपाय साध्या गणिताचा. दर पिढीला साधारण २५ वर्षे धरा. बाप-लेकाच्या वयात १८ पेक्षा कमी किंवा ५० पेक्षा जास्त अंतर पडत असेल तर तिथे थांबा, मधला माणूस सुटला आहे किंवा चुकीचा जोडला आहे.

आडनावाला जुन्या कागदात फारसा भाव देऊ नका. पाटीलकी असेपर्यंत पाटील, मुंबईला गेल्यावर गावावरून पडलेले आडनाव, शाळेत मास्तरांनी लिहिले ते तिसरे. एकाच माणसाची ही तीन रूपे सर्व्हे नंबरवरून आणि बापाच्या नावावरून जुळतात. दत्तक गेलेल्याच्या बाबतीत तर बापाचे नावच बदलते, त्याच्यासाठी दत्तकपत्र शोधावे लागते.

आता एक खास कामाची गोष्ट: आणे-पै. जुन्या नोंदींत हिस्सा रुपयाच्या भाषेत लिहितात. पूर्ण मालकी म्हणजे १६ आणे, एक आणा म्हणजे १२ पै. तुमच्या पूर्वजाचा हिस्सा "५ आणे ४ पै" असेल तर तो एक तृतीयांश, म्हणजे भाऊ तीन. "२ आणे ८ पै" म्हणजे एक षष्ठांश: तीन भावांपैकी एकाच्या दोन मुलांपैकी एक. "४ आणे" म्हणजे चार भाऊ, किंवा दोन भावांची दोन-दोन मुले. ज्या भावांची नावे कागदातून हरवली आहेत त्यांची संख्या तरी या आकड्यातून कळते, आणि किती शाखा शोधायच्या आहेत ते ठरते.

फेरफाराच्या मागे

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला आणि १९१३ मध्ये ती पद्धत जमीन महसूल कायद्यात घेतली गेली. त्यामुळे फेरफार साधारण त्या काळापर्यंत नेतात. त्याच्या तळाशी हक्क नोंद पत्रक मिळते, आणि १९३० च्या सुमाराचे कडईपत्रक हा त्या वेळच्या जमिनीचा व धारकांचा एकत्र आढावा.

त्याआधीची पायरी मोजणीची. इलाख्यातली पद्धतशीर मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू केली, पुढे साधारण ३० वर्षांनी फेरमोजणी होत गेली. भूमी अभिलेख कार्यालयात मूळ आणि फेरमोजणीची प्रतिबुके, शेतवार पत्रक, पक्का बुक, क्लासर रजिस्टर असे कागद असतात. शेतवार पत्रकात प्रत्येक नंबराचा खातेदार दिलेला असतो. तुमच्या हाती फेरफारातून सर्व्हे नंबर आहेच. त्यामुळे इथे नाव न शोधता नंबर शोधायचा आणि त्यासमोर कोण उभा आहे ते बघायचे. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यावर तालुक्यातालुक्यांत हेच गठ्ठे उघडले गेले. त्यामुळे जी दप्तरे वर्षानुवर्षे कुणी हलवली नव्हती ती आता चाळलेली आणि पुष्कळ ठिकाणी स्कॅन केलेली आहेत. कोणत्याही जातीच्या शोधकाला त्याचा फायदा होतो.

घरात वतन किंवा इनाम असेल तर आणखी मागे जाता येते. १८५२ च्या इनाम कमिशनने हक्क सिद्ध करायला लावले, त्यासाठी घराण्यांनी वंशावळी लिहून दिल्या. कुलकर्णी वतन १९५१ मध्ये, महार वतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. वतन खालसा होताना जमीन परत द्यायची ती कुणाकुणाला, याच्या याद्या झाल्या. त्या फायलींत हिस्सेदारांच्या सगळ्या शाखा दिसतात. पेशवेकालीन कागदांसाठी पुण्याचे पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथेही पुराभिलेख खात्याची कार्यालये आहेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांच्याकडे घराण्यांची खासगी दप्तरे जमा आहेत. इथे जाण्याआधी परगणा, तर्फ (गावांचे जुने महसुली गट) आणि गाव यांचे जुने नाव हाती असले पाहिजे. दफ्तर त्याच क्रमाने लावलेले असते.

इथे मोडी लागते. मोडीत आधी ओळीभर शिरोरेघ ओढून मग अक्षरे लिहितात, शब्दांत जागा सोडत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि ओळ संपली की शब्द कुठेही तोडतात. पूर्ण मोडी यायला सहा महिने लागोत, पण वंशावळीपुरती वीस-पंचवीस चिन्हे पुरतात: आकडे, मौजे, बिन, वलद (हाही मुलगा), कोम, पाटील, मयत, आणि तुमच्या घरातली सात-आठ नावे. ही नावे आधी स्वतःच्या हाताने मोडीत पन्नास वेळा लिहा. हाताला वळण बसले की डोळ्याला ते दिसायला लागते. शंका राहिलेल्या ओळी जाणकाराला दाखवा, आणि देताना तुमचा अंदाज सांगू नका. सांगितले की त्यालाही तेच दिसते.

तारखांचे कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. शक सालात ७८ मिळवले की इसवी सन, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. दक्षिणेतल्या फसली सालात ५९०, पुढच्या जानेवारीपासून ५९१. मराठेशाहीच्या कागदांतल्या शुहूर सनात ५९९, आणि पुढच्या जानेवारीपासून ६००. शुहूर साल मृगापासून सुरू होते आणि अक्षरांत लिहितात, एककापासून सुरुवात करून. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे १, ६०, १०० आणि १०००, एकूण ११६१. पानिपताची लढाई जानेवारी १७६१ ची, म्हणजे याच सालातली. हा एक दाखला लक्षात ठेवला की बेरीज चुकली का ते लगेच कळते.

जमीन नसेल तर

शाळेचे जनरल रजिस्टर हा मोठा आधार. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत एकोणिसाव्या शतकातलीही रजिस्टरे आढळतात. दाखल क्रमांक, मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव, शाळा सोडल्याचे कारण हे सगळे एका ओळीत मिळते. दाखल्याची नक्कल न घेता मूळ रजिस्टरचा उतारा मागा, कारण दाखल्यावर सगळे रकाने येत नाहीत. त्याच पानावरची इतर मुलेही बघा, चुलतभाऊ एकाच दिवशी शाळेत घातलेले सापडतात. १ जूनच्या जन्मतारखेवर विश्वास नको. ती शाळाप्रवेशाचे वय जुळावे म्हणून मास्तरांनी घातलेली असते.

गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यू आहेत. सध्याची नोंदणी १९६९ च्या कायद्याखाली होते, त्याआधीच्या नोंदी या नमुन्यात आणि त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात. बाळाचे नाव बहुधा नसतेच, फक्त "मुलगा" किंवा "मुलगी", बापाचे नाव, जात आणि तारीख. त्यामुळे नावाने शोधू नका, बापाच्या नावाने शोधा.

दुय्यम निबंधकाकडे दस्त असतात: खरेदीखत, गहाणखत, दत्तकपत्र, मृत्युपत्र, हक्कसोड. सगळे जण सूची दोन मागतात, ती मिळकतीवरून असते. वंशावळीसाठी सूची एक मागा, ती माणसांच्या नावांवरून लावलेली आहे. मजूर, कूळ म्हणून राबलेली माणसे कूळ नोंदवहीत सापडतात. कूळ कायदा १९४८ चा आणि कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा, तेव्हा त्या सुमाराची प्रकरणे बघा. त्यातल्या जबाबांत "माझा बाप, आजा ही जमीन कसत होते" अशी वाक्ये नावांसकट मिळतात. घरातला कुणी पलटणीत होता असे ऐकिवात असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. महायुद्धांत पडलेल्या शिपायाचे नाव, बऱ्याचदा बापाचे नाव आणि गावही तिथे मिळते. इंग्रजी स्पेलिंगचे चार-पाच प्रकार करून बघा.

बायकांची नावे शोधायला वेगळी चिकाटी लागते, आणि ती लावलीच पाहिजे. अर्धे घर त्यांचे आहे. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित हक्क मिळाला, तेव्हापासून विधवांची नावे वाढलेली दिसतात. १९५६ नंतर मुलींची नावे वारस फेरफारात येतात आणि लगेच पुढच्या एक-दोन नोंदींत हक्कसोडपत्राने निघूनही जातात. ती हक्कसोडपत्रे आवर्जून काढा. बहिणीचे सासरचे नाव, नवऱ्याचे नाव आणि गाव त्यातच असते. माहेरची बाजू शोधायची तर तिच्या भावांच्या गावचा फेरफार, कारण तिथे ती मुलगी म्हणून लागलेली असते.

मुलूख बदलला की दप्तर बदलते

मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत, साल फसली. तिथे खासरा पत्रक आणि पाहणी पत्रकापासून मागे निघा आणि उर्दू वाचणारा सोबत घ्या. नागपूर विभागात मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत गावचा सारा भरण्याची पद्धत, होती, ती १९५१ मध्ये गेली. बंदोबस्त मिसल आणि निस्तार पत्रक ही तिथली महत्त्वाची नावे, तर वऱ्हाडची पद्धत मुंबई इलाख्याच्या जवळची. कोकणातल्या खोती गावांत, म्हणजे जिथे सारा खोतामार्फत जाई तिथे, फैसल पत्रक आणि बोटखत बघा; खोती गेली १९४९ च्या कायद्याने. गोव्यात गांवकरी म्हणजे कोमुनिदादच्या वह्या, देवस्थानांच्या महाजनांच्या (वंशपरंपरागत मानकरी घराण्यांच्या) याद्या, चर्चची बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूची पुस्तके आणि पणजीचे पुराभिलेखागार, ज्याचा आरंभ १५९५ चा. कुलदेवता गोव्यात असलेल्या कोकणातल्या घरांनी महाजनांची यादी आधी बघावी. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे कागद मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यात स्थलांतर क्रमांकावरून मूळ गाव आणि जिल्हा काढता येतो.

हेळवी, भाट आणि तीर्थोपाध्याय

दक्षिण महाराष्ट्रात हेळवी सुगीला गावात येतात, घराण्याची पिढीजात नावे म्हणून दाखवतात आणि नवी नावे पोथीत घालतात. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यात हे काम भाटांचे. त्यांच्या पोथीतला खालचा, अलीकडच्या सहा-सात पिढ्यांचा भाग फेरफाराशी सहसा जुळतो. वरचा भाग राजवंशांना नेऊन जोडलेला असतो, तो वेगळा लिहून ठेवा. वाचन चालू असताना ध्वनिमुद्रण करायचे तर आधी विचारा आणि बिदागी मनापासून द्या. ही पोथी हीच त्या माणसाची उपजीविका आहे.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गावानुसार आणि आडनावानुसार असतात. जाताना मूळ गाव, जुने आडनाव, जात आणि आजोबांचे नाव सांगता आले पाहिजे. मुंबई-पुण्याचा पत्ता सांगून उपाध्याय सापडत नाही. या लेखांचे मोल असे की कित्येकदा यात्रेकरूने स्वतःच्या हाताने भाऊ, मुले, पुतणे यांची नावे लिहून सही केलेली असते. फोटो काढू देत नसतील तर तिथेच शब्दशः उतरवून घ्या, चुकीच्या शुद्धलेखनासकट. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या वह्यांचे मायक्रोफिल्म फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाने केलेले आहेत, ते खाते उघडून फुकट चाळता येतात.

भावकीला सोबत घेताना

जुने कागद मागितले की भाऊबंदांच्या मनात पहिला संशय येतो तो जमिनीचा. म्हणून पहिल्याच भेटीत स्वतःकडचा कागद पुढे ठेवा आणि त्याची प्रत द्या, मागणी नंतर. कागद घरी नेऊ नका, समोरच फोटो काढा. जिथे वाटणीचा दावा चालू आहे त्या शाखेकडे निकालापर्यंत जाऊच नका.

चार-पाच शाखा एकत्र काम करायला लागल्या की नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरत नाही, फोटो वाहून जातात. एक सामाईक तक्ता करा. मूळ पुरुषाला १, त्याच्या मुलांना १.१, १.२, नातवंडांना १.२.१ असे क्रमांक द्या. मुलींनाही याच क्रमात घ्या, जन्माच्या क्रमाने. मागे नवा पूर्वज सापडला तर सगळे क्रमांक बदलावे लागतात. म्हणून प्रत्येक व्यक्तीला कधीही न बदलणारा वेगळा अनुक्रमांकही ठेवा. प्रत्येक ओळीत रकाने असे: नाव, बाप, आई, जन्म, मृत्यू, गाव, पुरावा, पुराव्याचा दर्जा. दर्जा तीन अक्षरांत भागतो: "अ" म्हणजे त्या काळचा कागद, "ब" म्हणजे नंतर लिहिलेला कागद किंवा पोथी, "क" म्हणजे ऐकीव. फोटोच्या फाइलला तालुका-गाव-नमुना-साल-क्रमांक असे नाव द्या. संगणकावर झाड काढायला ग्रॅम्प्स हे फुकट सॉफ्टवेअर आहे, आणि त्यातली माहिती गेडकॉम प्रकारात, म्हणजे वंशावळीच्या सामाईक फाइलरूपात, दुसऱ्या शाखेला देता येते.

दोन शाखांच्या सांगण्यात फरक पडला तर एकाला खोटे पाडून तक्ता पूर्ण करू नका. दोन्ही नावे ठेवा, तुटक रेघेने जोडा आणि कोणता कागद मिळाला की हे सुटेल ते शेजारी लिहा: "रामजी मयत फेरफार, १९०३ नंतर, सर्व्हे नंबर ४७". पुढच्या वेळी तालुक्याला जो जाईल त्याच्या हातात ही यादी द्या. हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, आधार किंवा खाते क्रमांक सामाईक तक्त्यात घालू नका, आणि कुणाचे दुसरे लग्न, दत्तक, घर सोडून जाणे अशी गोष्ट त्या घराला विचारल्याशिवाय सगळ्यांसमोर मांडू नका. तक्त्याची छापील प्रत दरवर्षी कुलदेवतेच्या जत्रेला न्या, भिंतीला लावा आणि शेजारी दोरीने पेन बांधून ठेवा. फोनवर कधीच न बोलणारी माणसे तिथे उभी राहून आपल्या हाताने आजीचे नाव लिहितात.